हीच ती!

२००९च्या जूनमध्ये मी एका मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पानावर उपसंपादक होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी मनाने तेहरानमध्येच राहत होते.

ट्विटरवर माझ्या नावापुढे गाव म्हणून 'तेहरान' होतं. इराणी यंत्रणा तिथल्या ट्विटरवाल्यांना हुडकतायत, तेव्हा जगभरच्या सगळ्यांनी आपलं ठिकाण तेहरान करा म्हणजे खरे कोण नि खोटे कोण ते त्यांना कळणार नाही, असा निरोप फिरत होता. मी वाचल्या वाचल्या बदललं. खऱ्याखोट्यातला फरक मग बातमीदारांनाही कळेना, हे लक्षात यायला मला वेळ लागला. फोटोवर हिरवी झाक चढवली होती. हिरवा हा विरोधी उमेदवार मीर हुसेन मुसावींच्या प्रचाराचा रंग. १२ जूनला इराणच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं, दुसऱ्याच दिवशी सत्तेवरचे अहमदीनेजादच ६२ टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आल्याचं जाहीर झालं, आणि १५ तारखेला 'माझं मत कुठे आहे?' असे फलक धरून लाखो माणसं इन्किलाब चौकातून आझादी चौकाकडे निघाली. त्या चौकांची नावं मराठी वाचकाला उलगडून सांगावी लागत नाहीत, हाही एक ओढा होताच. त्यात त्यांची घड्याळं तेव्हा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा तासभरच मागे असायची. रात्रपाळीत आमच्या ऑफिसातला चहा यायचा तेव्हा तिकडे लोक गच्चीवर चढून 'अल्लाहू अकबर'चे पुकारे देत असायचे. १९७९च्या क्रांतीत शहाविरुद्ध दिले होते तेच, आता या सरकारविरुद्ध. त्या व्हिडिओंत काळ्या अंधाराशिवाय काही दिसायचं नाही. फक्त आवाज. मी हेडफोन लावून ते ऐकत बातम्या लावायचे.

ट्विटरने देखभालीसाठी सेवा थोडा वेळ बंद ठेवायचं ठरवलं होतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सांगण्यावरून ते काम पुढे ढकलून तेहरानच्या मध्यरात्रीनंतर नेलं, तेव्हा जणू माझ्याच सोयीसाठी केल्यासारखी मी खूश झाले. एवढंच नाही. अहमदीनेजादच्या संकेतस्थळाचं पान दर काही सेकंदांनी आपोआप उघडत राहील अशी एक लिंक फिरत होती. सगळ्यांनी मिळून ते बंद पाडायचं. मी ऑफिसच्या संगणकावर ती उघडून जेवायला गेले. परत आले तर आमचा सिस्टिमवाला विचारत होता, ''मॅडम, तुमच्या मशीनला काय झालंय?'' अशा माऱ्याने इराणमधलंच इंटरनेट मंदावतं, थांबवा, अशी विनवणी काही जण करत होते, हे दोन दिवसांनी वाचलं.

आमच्या डेस्कवर एक ज्येष्ठ सहकारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे फारसी लिपी सहज वाचायचे आणि अर्थही बराचसा लावायचे. माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत ते एकदा म्हणाले, ''बेटा, यांचं आंदोलन फारसीत आहे ना? मग हे सगळे इंग्रजीत कोण बोलतायत?''

मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी, २० तारखेला, ती व्हिडिओफीत आली. चाळीसेक सेकंदांची, मोबाइलवर घेतलेली. जीन्स आणि पांढरे बूट घातलेली एक तरुणी गोळी लागून रस्त्यावर उताणी पडते, दोन माणसं तिची छाती दाबून धरतात, तिचे डोळे कॅमेऱ्याकडे वळतात. मग रक्त. एका वयस्कर माणसाचा आवाज तिला नावाने हाका मारतो. त्या हाकांतूनच जगाला नाव कळलं, नेदा. ''निदा,'' चाचा म्हणाले. ''निदा म्हणजे हाक.''

रविवारी रात्री मी पानावर होते. मुख्य उपसंपादकांनी सांगितलं, नेदाची बातमी पानाच्या वरच्या अर्ध्या भागात, फोटो मोठा. पण फोटो कुठला? १६ तारखेपासून परदेशी पत्रकारांना रस्त्यावर जायची बंदी होती. वृत्तसंस्थांच्या वायरवर जे काही येत होतं त्याखाली टीप असायची, की हे आमच्या माणसाने टिपलेलं नाही, आम्हाला तिथे जाऊ दिलं गेलेलं नाही. व्हिडिओतली चौकट छापावी तर चेहरा रक्ताने माखलेला. आणि मला तो चेहरा नको होता. मला ती जिवंत असतानाची हवी होती.

ती ट्विटरवर मिळाली. डोक्यावर रुमाल, थोडेसे केस बाहेर, ओठांवर जेमतेम हसू. फेसबुकवरून कुणीतरी उचललेला फोटो. दहा मिनिटांत तो माझ्या पडद्यावर पन्नास वेळा आला. कुणी भोवती काळी चौकट केली होती, कुणी मेणबत्ती, कुणी शेजारी व्हिडिओतली चौकट जोडून वर आणि खाली. कुठल्या तरी शहरातल्या निदर्शनात एका बाईने तो छापून छातीशी धरला होता. मी तो उतरवून घेतला, ऑपरेटरला चार कॉलममध्ये बसवायला सांगितला आणि कॅप्शन लिहिली: 'हीच ती नेदा!' क्रेडिट दिलं, 'इंटरनेट'. मग माझ्या खात्यावरचा हिरवा फोटो काढून तिथेही तोच लावला.

बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली. शहर आवृत्तीला अजून दीडएक तास होता. चाचा प्रूफ घेऊन आले.

''हा कुणी दिला?''

''सगळीकडे आहे, चाचा.''

''सगळीकडे असू दे. आधी कुणाकडे होता?''

मला सांगता येईना. मी लाख-लाख लोकांचं काहीतरी बोलले. ते म्हणाले, ''लाख लोकांनी एकाच ठिकाणाहून घेतला असेल.'' खुर्ची ओढून बसले आणि मला व्हिडिओ थांबवत थांबवत चालवायला लावला. त्यांच्या खिशात जुन्या दिवसांतलं निगेटिव्ह बघायचं भिंग असायचं. ते प्रुफावर ठेवून एकदा फोटोकडे, एकदा पडद्याकडे. हनुवटी बघ, म्हणाले. मी बघितली. भुवया बघ. बघितल्या. खरं सांगायचं तर त्या धुरकट चौकटीत कुठलीही तरुणी जुळली असती. मला जुळवायचीच होती.

मग त्यांनी एक फारसी मजकूर दाखवला. मेलेल्या मुलीच्या आडनावाच्या आधी तिथे 'आगा' होतं. फेसबुकवरच्या बाईच्या नावात ते नव्हतं, आणि शेवटी एक अक्षर जास्त होतं. ''एका अक्षराने काय होतं?'' मी म्हणाले. इंग्रजीत लोक कसंही लिहितात, तेव्हा हे कारण मला पुरेसं वाटत होतं. ''काळे आणि काळेले एक का?'' त्यांनी विचारलं.

आम्ही मुख्य उपसंपादकांकडे गेलो. ते दुसऱ्या पानावर अडकलेले, समोर टीव्ही. टीव्हीवर एका परदेशी वाहिनीने तोच फोटो दाखवला. त्यांनी नुसतं बोट केलं. विषय संपला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहिताना जास्त लागतं. चाचांनी फक्त एवढं केलं, की कॅप्शनमधलं 'हीच ती' पेनाने गोल केलं आणि प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं. मी उद्गारचिन्ह तेवढं काढलं. शहर आवृत्तीही तीच गेली.

दोन-तीन दिवसांत घरच्यांनी दिलेले फोटो आले. नेदा आगा-सुलतान, वय २६. मी ते पडद्यावर आमच्या फोटोशेजारी ठेवले. शेजारी ठेवल्यावर लहान मुलानेही सांगितलं असतं.

म्हणजे चार कॉलममधली बाई जिवंत होती. तेहरानमध्ये होती. इंग्रजी साहित्य शिकवायची. तिने स्वतः सांगून पाहिलं होतं, की ही मी आहे, मी मेलेले नाही, फोटो काढा. आणि तिकडून उत्तरं येत होती, की ही सरकारचीच चाल आहे, आमच्या शहीद मुलीचा चेहरा तुम्ही हिरावून घेताय. हे तिला बोलणारे लोक कोण होते? माझ्यासारखेच. नावापुढे तेहरान लावलेले.

मी माझ्या खात्यावरून फोटो काढला. दोघा-तिघांनी लगेच विचारलं, का काढला? मी खरे फोटो पाठवले. त्यातल्या एकाला, तो कुठल्याशा थंड देशातला होता, ते पटेना. 'हिच्या चेहऱ्यावर ती नेदा दिसत नाही,' असं त्याने लिहिलं. त्याच्याशी मी भांडले नाही, कारण तीन दिवसांपूर्वी मीही असंच काहीतरी लिहिलं असतं.

पुढचं सगळं नंतर वाचलं. गुप्तचर खात्याने त्या बाईला बोलावून दबाव आणला. ती जिवंत आहे हे दाखवून नेदाचं मरणच बनाव ठरवायचं होतं. पंधरवड्याच्या आत तिला देश सोडावा लागला. जर्मनीने आश्रय दिला. ज्याने ती फीत घेतली तो मात्र निनावीच राहिला, आणि तसाच निनावी राहून २००९साठीच्या पोल्क या अमेरिकी पत्रकारिता पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याचं नाव कुणाच्या हाती लागलं नाही, याचं मला बरं वाटतं.

पण खुलासा लिहिला त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. जागा मिळाली तीन ओळींची, पानाच्या तळाला, निविदेच्या जाहिरातीच्या वर. 'सोमवारच्या अंकात नेदा आगा-सुलतान म्हणून प्रसिद्ध झालेले छायाचित्र' इथपर्यंत लिहून मी त्या बाईचं पूर्ण नाव टाइप केलं. चूक करताना नाव नीट पाहिलं नव्हतं, निदान खुलाशात तरी नीट जावं असं वाटलं. अक्षर न् अक्षर तपासलं. चाचांना दाखवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मग माझ्या कीबोर्डकडे हात करत म्हणाले, ''नाव काढ. ती अजून तिथेच राहतेय ना?''

मी काढलं. 'अन्य एका महिलेचे' असं घातलं. ओळ थोडी लांबली, तिसरी चौथीत उतरली. ऑपरेटरने अक्षरांतलं अंतर कमी करून ती परत तिनात बसवली.