गंजाची नोंदवही, भाग ४ : तुकडा चुकला होता

मागच्या वेळी रडलो होतो ते आठवत असेल. पोलाद किती वेगाने गंजतं ते वजनातल्या घटीवरून मोजायचं होतं. पोलादाचा तुकडा सात दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून पाणी लालभडक झालं, पण तुकड्याचं वजन जसंच्या तसं. वजनकाट्याला शिव्या घातल्या. चूक काट्याची नव्हती, तुकडा फारच चिमुकला होता.

माइल्ड स्टील (कमी कार्बनचं साधं पोलाद), २० × १० × ३ मिमी. सहाही बाजू मोजल्या तर पृष्ठभाग ५.८ चौ. सेंमी. वर्षाला ०.१ मिमी जाडी गंजून जाते असं धरलं, तर आठवड्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम घट होते. माझा काटा १० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी वाचतो, म्हणजे दिसणार काय, डोंबल! हे सूत्र आधी मांडायला हवं होतं: वर्षाला मिमी = ८७.६ × घट (मिग्रॅ) ÷ (घनता × क्षेत्रफळ × तास). पोलादाची घनता ७.८७ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली आहे, क्षेत्रफळ चौ. सेंमीमध्ये.

दुसरी गोम काठांची. त्या तुकड्याचा ३१ टक्के पृष्ठभाग काठांचाच होता. पत्रा कातरला की काठ दाबला जाऊन ताणाखाली येतो आणि सपाट भागापेक्षा वेगळा गंजतो. मग मोजलं ते धातूचं की कातरीचं?

प्रयोगशाळांत ३८ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची चकती बरीच वापरतात. मोह झाला. टांगायचं ८ मिमीचं भोक धरून तिचा पृष्ठभाग भरतो २६ चौ. सेंमी, वजन २५ ग्रॅमच्या पुढे, काठ १७ टक्के. ५० × २५ × १.५ मिमीच्या पट्टीत ४ मिमीचं भोक पाडलं तर पृष्ठभाग २७ चौ. सेंमी, वजन साडेचौदा ग्रॅम, काठ फक्त ९ टक्के. शिवाय चकतीला लेथ लागतो, पट्टीला कानस पुरते. पट्टीच घेतली.

इथे वडोदऱ्यात, मकरपुऱ्यात पत्रा कापणाऱ्या भाईंना म्हटलं, काठ साफ हवेत. ‘चालशे, भाई!’ म्हणून त्यांनी बर (कापल्यावर काठाला राहणारी खरखरीत धार) उडवली, बस्स. मग घरी येऊन कानशीने प्रत्येक काठ पत्र्याच्या जाडीइतका, म्हणजे दीड मिमी, आत नेला (म्हणून पट्ट्या मुद्दाम ५३ × २८ च्या कापून घेतल्या होत्या). शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर. बोटांची सालं निघाली, पण काठ सरळ आले.

पट्टी आणखी मोठी का नाही? बरणीमुळे. चौ. सेंमीला किमान २० मिली, जमल्यास ४० मिली द्रावण हवं, नाहीतर गंजलेलं लोखंडच पाण्याचा स्वभाव बदलून टाकतं. एक लिटरच्या बरणीत एक पट्टी ठेवली की ३७ मिली पडतं, दोन ठेवल्या की १८. म्हणून बरणीत एकच, नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडालेली. तांब्याची तार वापरू नका, तिच्या संगतीत पोलाद जास्त गंजतं.

तीन पट्ट्या तीन बरण्यांत, चौथी कोरडीच ठेवली आहे. शेवटी गंज काढायला पट्ट्या आम्लात बुडवतात, पण आम्ल थोडं पोलादही खातं, म्हणून तीही बुडवायची. तिची जी घट होईल ती बाकीच्या तिघींमधून वजा करायची.

कालपासून तिन्ही बरण्या गच्चीवरच्या खोलीत आहेत. बरण्या आईच्या. कैऱ्या यायच्या आत परत हव्यात, आणि ‘घासून, उकळून’, असा हुकूम आहे. हातात २१ दिवस. अपेक्षित घट १२० मिलिग्रॅमच्या आसपास, तेव्हा शेवटचं वजन मांडवीतल्या सोनारकाकांच्या काट्यावर करणार. त्यांना अजून विचारलेलं नाही.