ऑल्बनीचे दप्तर : रेन्सेलर घराण्याचे कागद पाहायला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या वाचकाला डच माणूस भेटतो तो बहुतेक वेंगुर्ल्याच्या वखारीतून. सतराव्या शतकात तिथे बसलेली ती मंडळी पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या कंपनीची होती. त्याच काळात अटलांटिकच्या बाजूचा कारभार वेस्ट इंडिया कंपनी या दुसऱ्या डच कंपनीकडे होता आणि आज ज्याला आपण न्यूयॉर्क राज्य म्हणतो, त्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात तिने न्यू नेदरलँड नावाची वसाहत उभी केली होती. त्या वसाहतीतल्या घराण्यांचे, विशेषतः व्हॅन रेन्सेलर घराण्याचे, कागद न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आहेत. ते पाहण्यासाठी मी तिथे जाऊन आलो. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे काही महिन्यांसाठी येणाऱ्या इतिहासप्रेमी मराठी मंडळींना ही वाट सहज धरता येण्यासारखी आहे, म्हणून हा वृत्तांत.

आधी या कागदांचे महत्त्व. किलियान व्हॅन रेन्सेलर हा ॲमस्टरडॅमचा जवाहिऱ्या आणि वेस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. कंपनीने १६२९ साली असा नियम केला की, जो स्वतःच्या खर्चाने ठरावीक माणसे वसवील त्याला मोठा मुलूख जहागिरीसारखा मिळेल. त्या नियमाखाली किलियानने आजच्या ऑल्बनीच्या जागी असलेल्या ऑरेंज किल्ल्याभोवतीची जमीन मोहिकन या तिथल्या मूळ रहिवाशांकडून आपल्या माणसांमार्फत विकत घेतली आणि तिला रेन्सेलर्सवाइक हे नाव दिले. तो स्वतः अमेरिकेत कधीच आला नाही. त्यामुळे सारा कारभार पत्रांतून चालला आणि पत्रे, हिशेब, करारनामे, कुळांच्या नोंदी असे कागद साठत गेले. अशा पुष्कळ वसाहतींचे प्रयत्न त्या मुलखात फसले; एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि इतका काळ टिकली ती हीच.

घराण्याच्या कागदांना इतके मोल येण्याचे दुसरे कारण दुःखाचे आहे. वेस्ट इंडिया कंपनीचे बहुतेक जुने कागद नेदरलँड्सच्या सरकारने १८२१ साली रद्दी म्हणून विकून टाकले. जे ऑल्बनीत होते त्यांच्यावर २९ मार्च १९११ च्या पहाटे आग कोसळली. कॅपिटॉल या राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीतले ग्रंथालय जळाले. सुमारे साडेचार लाख पुस्तके आणि दोन लाख सत्तर हजार हस्तलिखिते गेली, आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचाही त्यात जीव गेला. डच दप्तराचा बराच भाग वाचला, कारण तो खालच्या फळ्यांवर होता आणि वरून कोसळलेल्या, पुढच्या इंग्रज अंमलातल्या दप्तराखाली झाकला गेला. ए. जे. एफ. व्हॅन लार या ग्रंथपालाने तोवर केलेली भाषांतरे मात्र जळाली, आणि त्याने जळक्या कागदांवरून तेच काम पुन्हा हाती घेतले. त्याच्या या चिकाटीचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे.

न्यूयॉर्क शहरातून ऑल्बनीला जायला आगगाडी सर्वांत सोयीची. अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसावे, म्हणजे जवळजवळ सगळ्या वाटेवर हडसन नदी सोबत राहते. ज्या नदीवरून गव्हाची पोती आणि बीव्हर या पाणप्राण्याची केसाळ कातडी खाली जात आणि पत्रे वर येत, ती आधी डोळ्यांखालून गेली की पुढचे वाचन सोपे होते. स्थानक ऑल्बनीत नसून नदीच्या पूर्वेकडच्या रेन्सेलर गावात आहे. तिथून बस किंवा टॅक्सीने पूल ओलांडावा लागतो. थंडीत गेलात तर मुक्काम शक्यतो एम्पायर स्टेट प्लाझा या सरकारी इमारतींच्या आवाराजवळ करावा. बर्फात रोज लांब चालणे ज्येष्ठांना झेपत नाही.

राज्याचे ग्रंथालय, अभिलेखागार आणि संग्रहालय ही तिन्ही प्लाझाच्या दक्षिण टोकाच्या कल्चरल एज्युकेशन सेंटर या इमारतीत आहेत. हस्तलिखिते अकराव्या मजल्यावर पाहायला मिळतात. जाण्यापूर्वी ईमेल करून वेळ ठरवणे आणि कोणती पेटी हवी ते कळवणे अत्यंत आवश्यक आहे. न कळवता गेल्यास पेटी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली असू शकते आणि दिवस वाया जातो. संग्रहाची सूची संकेतस्थळावर आहे, ती घरीच नीट वाचून पेटीचे आणि फोल्डरचे क्रमांक टिपून न्यावेत. छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. पिशव्या आणि कोट कपाटात ठेवावे लागतात, आत फक्त पेन्सिल चालते. फोटो काढायची परवानगी दर वेळी विचारून घ्यावी आणि प्रत्येक फोटोत फोल्डरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी येईल असे पाहावे. घरी परतल्यावर शेकडो फोटोंतले कोणते पान कुठले, हे दुसऱ्या कशानेही कळत नाही.

डच येत नाही म्हणून कोणी मागे हटू नये. सतराव्या शतकातली डच लिपी आजच्या डच माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. आपल्याकडे मराठी उत्तम येणाऱ्याला मोडी वाचता येईलच असे नसते, तसेच ते आहे. म्हणून आधी भाषांतरे वाचावीत. व्हॅन लारने किलियानचा मुलगा येरेमियास व्हॅन रेन्सेलर याची पत्रे १९३२ साली आणि त्याच्या पत्नीची, मारियाची, पत्रे १९३५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. १९७४ पासून चार्ल्स गेहरिंग यांनी वसाहतीच्या सरकारी दप्तराचे भाषांतर चालवले आणि त्या कामातूनच याच इमारतीत न्यू नेदरलँड संशोधन केंद्र उभे राहिले. ही भाषांतरे आणि पुष्कळशा मूळ पानांच्या प्रतिमा संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. भाषांतर शेजारी ठेवून मूळ पानावर बोट फिरवत गेले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नावे, आकडे आणि तारखा ओळखू येऊ लागतात, आणि घराण्याच्या हिशेबी कागदांत निम्मे काम तेवढ्यावर भागते.

जळक्या पानाची एक प्रतिमा मी बराच वेळ मोठी करून पाहिली. पानाच्या मधोमध शाई तपकिरी पण ठसठशीत आहे, ओळी सरळ आहेत, लेखणी पुन्हा बुडवली त्या जागी अक्षर एकदम गडद झालेले दिसते. कडेला येता येता कागद करपत जातो, आणि मग ओळच संपते. काळ्या, तुटक कडेपाशी अर्धा शब्द उरतो. असे प्रत्येक ओळीचे झाले आहे. छापील भाषांतरात या जागा चौकटी कंसांनी दाखवलेल्या असतात. घाईत वाचणारा ते कंस ओलांडून पुढे जातो. तसे करू नये. कंसातला मजकूर अनुवादकाने अंदाजाने भरलेला आहे की आगीपूर्वीच्या एखाद्या नकलेवरून घेतला आहे, हे प्रस्तावनेत पाहून मगच त्यावर विसंबावे.

वेळ कमी असेल आणि एकच गोष्ट वाचायची असेल, तर मारियाची पत्रे वाचावीत. मारिया व्हॅन कोर्टलँड्ट हिचे लग्न १६६२ साली, ती सतराव्या वर्षाच्या आत असताना, किलियानचा मुलगा येरेमियास याच्याशी झाले. ‘मुलगी लहान वाटेल, पण आमचा संसार नीट चालला आहे’ अशा आशयाचे पत्र येरेमियासने ॲमस्टरडॅमला आपल्या आईला लिहिले, तेही संग्रहात आहे. १६७४ साली तो वारला तेव्हा मारियाच्या पदरी पाच मुले होती आणि सहावे पोटात होते. आजारपणामुळे ती पायाने अधू झाली होती, कुबड्यांवाचून चालता येत नव्हते. तोवर मुलूख इंग्रजांकडे गेला होता आणि जमिनीच्या हक्काची नवी सनद मिळवायची होती. कारभारी म्हणून तिचा दीर निकोलास आला, पण १६७८ साली तोही गेला. त्याची विधवा अलिडा स्कायलर हिने रॉबर्ट लिव्हिंग्स्टनशी लग्न केले आणि लिव्हिंग्स्टन इस्टेटीत वाटा मागू लागला. मारिया पीठगिरण्यांची दुरुस्ती, कुळांची थकबाकी, करांचा बोजा हे सगळे सांभाळत असताना ॲमस्टरडॅमच्या दिराला, रिखार्डला, हिशेबामागून हिशेब पाठवत राहिली आणि आपल्या मुलांचा हक्क राखत राहिली. १६८५ साली सनद मिळाली आणि तंटा मिटला. ही पत्रे जपली गेली ती मायेपोटी नव्हे; वाटणीचा वाद होता, पुरावा लागणार होता, म्हणून दोन्हीकडच्यांनी कागद ठेवले. आपल्याकडच्या वतनी तंट्यांचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून कोणत्याही घराण्याच्या दप्तरात शिरताना वंशावळीऐवजी आधी तंटा शोधावा; तंट्याभोवती घर, शेत, नोकर, शेजारी असे सगळेच बोलते होतात.

वाचताना अडखळायला होते ते नावांपाशी, तारखांपाशी आणि पैशांपाशी. डच वसाहतीत पुष्कळांना आडनाव नव्हते. यानचा मुलगा तो यान्सझून, मुलगी ती यान्स. मधल्या जागी वडिलांचे नाव लावणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत लवकर उमगते, पण एकाच घरात दर पिढीला ‘आडनाव’ बदलते हे ध्यानात ठेवावे. बायका लग्नानंतरही माहेरच्या नावाने नोंदल्या जात, त्यामुळे त्यांचा माग काढणे सोपे जाते. ऑल्बनीच्या पहिल्या डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६८३ पासूनच्या उपलब्ध आहेत. त्यातली साक्षीदारांची नावे टाळू नयेत, कारण साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, मामा-आत्या असत. इंग्रजी अंमलात तारीख जुन्या पंचांगाची, म्हणजे सतराव्या शतकात दहा दिवस मागे, आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलणारे. त्यामुळे मारियाच्या मृत्यूचे वर्ष १६८८/८९ असे जोडून लिहिलेले आढळते. ॲमस्टरडॅमचे पत्र मात्र नव्या तारखेचे असते. दोन्ही एका क्रमाने लावायची तर आधी वेगळा तक्ता करावा. हिशेबात ‘गिल्डर’ दिसला की तो बीव्हरच्या कातड्यातला की सेवांतमधला, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांतला, हे पाहावे. एक कातडे साधारण आठ गिल्डरचे धरत, आणि मण्यांतल्या गिल्डरची किंमत त्या मानाने फारच कमी होती.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कागद बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि त्यात जमिनीचे पट्टे भरपूर आहेत. हजारो शेतकरी पिढ्यान्पिढ्या या एका घराण्याची कुळे होती. खंड म्हणून दर वर्षी ठरलेला गहू, चार धष्टपुष्ट कोंबड्या आणि गाडी-जनावरांसह एक दिवसाची वेठ द्यावी लागे. जमिनीचा हक्क विकला तर किमतीतला ठरावीक हिस्सा मालकाला जाई. १८३९ साली जहागिरीचा मालक स्टीव्हन व्हॅन रेन्सेलर तिसरा वारला आणि वारसांनी मोठी थकबाकी वसूल करायला घेतली, तेव्हा हेल्डरबर्गच्या डोंगरातल्या कुळांनी खंड नाकारला. कापडी मुखवटे आणि रंगीबेरंगी झगे घालून ते जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यांना अडवत. १८४६ च्या राज्यघटनेने शेतजमिनीच्या दीर्घ मुदतीच्या अशा पट्ट्यांना पुढे बंदी केली. हेल्डरबर्गला गाडीने अर्ध्या-पाऊण तासात जाता येते. पट्टे पाहिल्यानंतर जावे. ती उथळ, खडकाळ जमीन पाहिली की गव्हाच्या खंडाचा भार कळतो.

या कागदांत ज्यांना स्वतःचे कागद ठेवता आले नाहीत अशी माणसेही आहेत, आणि मला वाटते, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवणे हे तिथे जाणाऱ्याचे कर्तव्यच आहे. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी ४ जुलै १८२७ ला संपली. तोवर या घराण्यांच्या मृत्युपत्रांत, खरेदीखतांत आणि किराणा-कापडाच्या हिशेबांत गुलाम माणसे वस्तूंच्या ओळीत, बहुधा फक्त पहिल्या नावाने, येतात. अशी नावे आढळली की ती तारखेसह आणि पेटीच्या क्रमांकासह वेगळ्या वहीत लिहावीत. त्यांच्या वंशजांना दुसरा पुरावा मिळणे कठीण असते. ऑल्बनीच्या उत्तरेला स्कायलर फ्लॅट्स येथे २००५ साली बांधकाम चालू असताना चौदा गुलाम माणसांचे अवशेष सापडले. २०१६ साली सेंट ॲग्नेस दफनभूमीत त्यांचे सन्मानाने दफन झाले. तिथे जाऊन यावे.

शहरातली दोन घरे जरूर पाहावीत. चेरी हिल हे १७८७ चे घर रेन्सेलर घराण्याच्या पाच पिढ्यांनी वापरले, १९६३ साली शेवटची वारस वारली तोवर. त्यामुळे तिथले सामान बाहेरून आणून मांडलेले नाही. दुसरा स्कायलर वाडा, जिथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी जनरल फिलिप स्कायलर याच्या कुटुंबाबरोबर तिथल्या गुलामांचीही माहिती आता आवर्जून सांगतात. नदीपलीकडचे क्रायलो हे मारियाच्या मुलाने, हेंड्रिकने, बांधलेले घर डच वसाहतीचे संग्रहालय आहे आणि रेल्वे स्थानकापासून फार लांब नाही. ही घरे ऋतुमानाप्रमाणे उघडी-बंद असतात, म्हणून मे ते ऑक्टोबरचा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी वेळ पाहावी. जहागिरीचा जुना वाडा मात्र १८९३ साली पाडला गेला. त्याच्या मोठ्या प्रवेशदालनाचे लाकूडकाम आणि हाताने रंगवलेला भिंतीचा कागद न्यूयॉर्क शहरातल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या अमेरिकन विभागात आहे. परतीच्या विमानाआधी शहरात एखादा दिवस मोकळा असेल तर तो तिथे द्यावा, आणि त्याच शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात स्कायलर आणि गान्सफोर्ट घराण्यांचे कागदही आहेत. तिथेही वेळ आधीच ठरवून जावे.