डॅशबोर्डमागचा वेगळा फ्यूज बॉक्स: वायरिंग पूर्ण, सॉकेट चालू

माझ्या २०१८ च्या पेट्रोल स्विफ्टमध्ये डॅशबोर्डमागे स्वतंत्र फ्यूज बॉक्स बसवायचं ठरवलं होतं, ते काम आता पूर्ण झालं. गिअरच्या पुढच्या कप्प्यात ६५ वॅटचा यूएसबी-सी सॉकेट, शेजारी दोन साधे यूएसबी पोर्ट, चाकात हवा भरायच्या पंपासाठी १२ व्होल्टचा गोल सॉकेट आणि काचेवर डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा), एवढी मंडळी या बॉक्सवर आहेत. कंपनीच्या हार्नेसची (गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याची) एकही वायर कापलेली नाही, सोललेली नाही. या कामात मला सगळ्यात जास्त समाधान त्याचं आहे, म्हणून लिहिणारही त्यावरच जास्त आहे. ट्रिम (डॅशबोर्डची प्लास्टिकची आवरणं) कुठून उचकटायची, कुठली क्लिप आधी सुटते, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं, ते ज्याने त्याने बघून घ्यावं.

सुरुवात जुनं काम काढण्यापासून झाली. गाडी घेतली तेव्हा एका ॲक्सेसरीच्या दुकानातून चार्जर बसवून घेतला होता. लायटर सॉकेटच्या मागे हात घातला तर मूळ वायरचं इन्सुलेशन बोटभर सोललेलं, त्यावर दुसरी बारीक वायर पिळलेली आणि वरून काळी पीव्हीसी टेप. ठाण्याच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. त्या उष्णतेत ही टेप डिंकासारखी पाझरते. मी ओढली तर ती सुटून आली आणि खालचं तांबं काळपट-हिरवं झालेलं दिसलं. पावसाळ्यातली दमट हवा आत शिरायला एवढी फट पुरते. जोड काळा पडला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, तापला की आणखी काळा पडतो. डॅशबोर्डमागे हे चक्र सुरू असतं तेव्हा बाहेर चार्जर मजेत चालू असतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण नवीन मंडळी नेमकी इथेच गोंधळतात. फ्यूज असतो वायरला वाचवण्यासाठी, उपकरणाला वाचवण्यासाठी नव्हे. लायटरच्या लाइनला १५ अँपिअरचा निळा फ्यूज असतो, कारण कंपनीने टाकलेली वायर तेवढा करंट आरामात सोसते. त्याच लाइनवर कोणी अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर पिळली, की त्या बारीक वायरला संरक्षण कोण देणार? ती कुठे घासली आणि अर्धवट शॉर्ट होऊन १२-१३ अँपिअर ओढू लागली, तर १५ चा फ्यूज उडणारच नाही. वायर मात्र वितळेल. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून निळा काढून पिवळा २० चा टाकणं हे तर आगीला आमंत्रण. वायर जिथे बारीक होते तिथे त्या वायरच्या मापाचा नवा फ्यूज लागतोच. म्हणूनच प्रत्येक उपकरणाला आपला फ्यूज आणि सगळ्यांना मिळून बॅटरीवरून एकच जाड लाइन, अशी मांडणी मी केली.

जाड म्हणजे किती, हे आधी कागदावर काढलं. ६५ वॅटचा चार्जर १२ व्होल्टवर, आतला अपव्यय धरून, सहा अँपिअर घेतो. १८-१८ वॅटचे दोन पोर्ट मिळून सव्वातीन. डॅशकॅम एकच्या आत. हवेचा पंप दहा. सगळं एकदम चालू होण्याची वेळ क्वचितच येईल, तरी बेरीज २० च्या आसपास जाते. बॅटरीपासून ग्लव्ह बॉक्सच्या मागे बसवलेल्या बॉक्सपर्यंत वायर अडीच मीटर लागली. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण १९.५ मिलिओहम. अडीच मीटरमधून २० अँपिअर नेले तर जवळजवळ एक व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतो, म्हणजे वीस वॅटची उष्णता एका बंदिस्त पाइपात. ४ स्क्वेअर एमएमला रोध पाचच्या आत येतो आणि तूट पाव व्होल्टवर. मी ४ ची वायर घेतली आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज होल्डर लावला. हा फ्यूज बॅटरीला चिकटूनच हवा. आत डॅशबोर्डमध्ये लावला तर बॉनेटखालची सगळी वायर उघडी पडते, आणि घासण्याची भीती तिथेच सर्वांत जास्त.

घरच्या फिटिंगची वायर गाडीत वापरू नका. ती आयएस ६९४ ची, साध्या पीव्हीसीची, ७० अंशांपर्यंतची असते. इंजिनाजवळ तेवढं तापमान सहज गाठलं जातं. गाडीची वायर वेगळी मिळते, इन्सुलेशन पातळ आणि जास्त उष्णता सोसणारं. बॉक्स, रिले (बारीक करंटने मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच) आणि होल्डर मी एका शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून आणले. वायर मात्र ठाण्यातच मीटरवर घेतली, वागळे इस्टेटकडे एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत त्यांच्याकडून. साठीच्या पुढचे आहेत, हयात टेम्पो-ट्रकच्या वायरिंगमध्ये गेली. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मी विचारलं, "मामा, जोड सोल्डर केले तर जास्त पक्के होतील ना?"

"घरी रेडिओ दुरुस्त करायचा असेल तर खुशाल कर. गाडीत नको. घोडबंदरच्या खड्ड्यांत सोल्डर जिथं संपतो ना, बरोब्बर तिथंच वायर मोडते."

कारण सरळ आहे. वितळलेला सोल्डर तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढतो आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. कंपनाने वायर हलते तेव्हा सगळा वाक त्या ताठ आणि मऊ भागाच्या सीमेवर पडतो, आणि एकेक तार तुटत जाते. मामांनी रॅचेटच्या पक्कडीने वायरच्या टोकावर एक थिंबल (धातूचं टर्मिनल) दाबलं. ही पक्कड पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही, त्यामुळे अर्धवट दाब राहत नाही. "ओढ. दोन्ही हातांनी ओढ." ओढलं, हललं नाही. मग त्यांनी ते थिंबल आडवं कापून मला दाखवलं. आत सुट्या तारा अशा दिसतच नव्हत्या. तांब्याचा एकसंध चकचकीत ठिपका होता, मध्ये कुठे पोकळी नाही. हवा शिरायला जागाच नसली की जोड काळा पडायचाही प्रश्न नाही. ते बघितल्यापासून माझे सगळे जोड दाबलेले, आणि प्रत्येकावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). डॅशबोर्डमध्ये बांधायला कापडी टेप वापरली. ती उन्हात पाझरत नाही आणि वायरी प्लास्टिकवर आपटून खडखडतही नाहीत.

बॉनेटमधून आत यायला नवीन भोक पाडलं नाही. मोठा हार्नेस ज्या रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकात बसवलेल्या बुचातून) आत येतो, त्याच्या कडेला बारीक छेद देऊन सायकलच्या आऱ्याला वायर बांधली आणि आत ओढून घेतली. आत शिरण्याआधी वायरला बाहेरच्या बाजूने खाली एक झोळ ठेवला आहे. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळातून टपकून जातं, ग्रोमेटकडे चढत नाही. आपल्याकडच्या जुलैत हा झोळ नसेल तर पाणी थेट फ्यूज बॉक्सपर्यंत वाट काढतं. छेदावर सीलंट लावलं, आणि पाइपाने बराच वेळ पाणी मारून आतला गालिचा कोरडा असल्याची खात्री केली.

आता रिले. किल्ली काढली की सॉकेट बंद व्हायला हवेत, म्हणून मुख्य लाइन ४० अँपिअरच्या रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर येते आणि ८७ वरून बॉक्सला जाते. ८५ अर्थला (गाडीच्या बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला), ८६ ला ॲक्सेसरीचा, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच येणारा सिग्नल. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर घेते, त्यामुळे हा सिग्नल स्टिअरिंगखालच्या कंपनीच्या फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या खाचेत बसून दुसऱ्या फ्यूजसह वेगळी वायर काढून देणारा जोड) लावून घेतला तरी मूळ सर्किटवर भार पडत नाही. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) फ्यूजना हात लावायचा नाही. लायटरचा फ्यूज या कामाला उत्तम.

फ्यूज टॅपलाही सुलट-उलट असते. मूळ फ्यूज काढून किल्ली ॲक्सेसरीवर ठेवा आणि मीटरने बघा की दोन खाचांपैकी बॅटरीकडचा करंट कुठल्या खाचेत येतोय. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना पुरवठा करतो, तो त्याच खाचेत गेला पाहिजे. उलटा बसला तर नव्या सर्किटचा करंटही जुन्या फ्यूजमधूनच फिरतो. चालतं सगळं, म्हणून लक्षात येत नाही. कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावला, पट्टीचं टोक ८६ कडे. रिले सुटताना कॉइल जो झटका मारते तो तिथेच जिरतो. ज्या रिलेत डायोड किंवा रेझिस्टर आतच असतो, त्याला वेगळा लावायची गरज नाही.

अर्थबद्दल लोक बेफिकीर असतात. पेंट लावलेल्या कुठल्याही स्क्रूला काळी वायर अडकवून देतात. मी ग्लव्ह बॉक्समागच्या बॉडीच्या बोल्टखालचा पेंट पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून रिंग थिंबल आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. मग परीक्षा: पंप चालू करून मीटरची एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरी या बोल्टवर. ०.०४ व्होल्ट. ०.१ च्या आत असेल तर अर्थ चांगला समजायचा. ही तपासणी भार चालू असतानाच करायची. भार नसताना वाईट अर्थही शून्यच दाखवतो.

सॉकेटची पट्टी ३ मिलिमीटर एबीएस प्लास्टिकची आहे. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, कप्प्यात बसवून बघितला, मागे साठ मिलिमीटर मोकळी जागा आहे ना ते हाताने चाचपलं आणि मगच २८ मिलिमीटरच्या होल सॉने भोकं पाडली. मूळ डॅशबोर्डला भोक नाही. उद्या पट्टी काढली की कप्पा होता तसा.

डॅशकॅमच्या किटला तीन वायरी असतात: पिवळी कायम चालू, लाल किल्लीवर, काळी अर्थ. पिवळीला रिलेच्या आधीच्या लाइनवरून वेगळा २ अँपिअरचा फ्यूज दिला. वर जाणारी वायर काचेच्या बाजूच्या खांबातून नेली. माझ्या गाडीत पडद्याच्या (बाजूच्या खिडक्यांवर उघडणाऱ्या) एअरबॅग नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वायर एअरबॅगच्या मागूनच न्यावी, पुढून कदापि नाही. एअरबॅगचे पिवळे कपलर दिसले की तिथे हात थांबवायचा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मायनस काढून दहा मिनिटं थांबायचं, हा नियम मी कधी मोडत नाही.

पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवणारी सोय) मात्र मी बंद ठेवला आहे. सोमवार ते शुक्रवार मी लोकलने जातो, गाडी सोसायटीत उभी. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा ०.३ अँपिअर जरी घेत असला तरी दिवसाला सात अँपिअर-तास होतात, आणि बॅटरी आहे ३५ ची. किटचा कटऑफ १२.४ व्होल्टवर ठेवला आहे, म्हणजे बॅटरी साधारण पाऊणभर असतानाच तो तोडतो. १२.० वर ठेवणाऱ्यांची बॅटरी तोपर्यंत पाव उरलेली असते. रोज गाडी चालवणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी पार्किंग मोड जरूर वापरावा. कॅमेरा घेताना आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या, आपल्या उन्हात तोच टिकतो.

शेवटी गळती, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट, मोजली. मायनसमध्ये मीटर मालिकेत जोडला, दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने आत लोटून दार 'बंद' केलं आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स झोपायला, म्हणजे पूर्ण बंद व्हायला, अर्धा तास दिला. काम करायच्या आधी २० मिलिअँपिअर होते, आता २३. वाढलेले तीन डॅशकॅमच्या किटचे. सॉकेटवरचा निळा दिवा आणि व्होल्टमीटर कायम चालू लाइनवर असते तर आणखी वीसेक वाढले असते. वीस मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण महिनाभरात चौदा अँपिअर-तास जातात. म्हणून दिवे रिलेच्या पलीकडे.

चार्जरमुळे रेडिओत खरखर येते का, ही एफएमची परीक्षा राहिली होती, तीही झाली. १००.७ वर एफएम गोल्ड लावून एकेक पोर्टवर फोन जोडला. ६५ वॅटच्या सॉकेटवर स्वच्छ आवाज. साध्या दोन पोर्टवर मात्र बारीक खरखर आली. आतला कन्व्हर्टर स्वस्तातला असला की असं होतं. त्याच्या वायरवर सॉकेटला लागून फेराइटची (अशी खरखर शोषणारी) क्लिप चढवली, वायर तिच्यातून दोनदा फिरवून, आणि खरखर गेली.

बॉक्समध्ये दोन खाचा मोकळ्या आहेत. एक रिव्हर्स कॅमेऱ्याला जाईल. त्याची वायर मागच्या दाराच्या रबरी नळीतून न्यायची आहे, आणि ती नळी दोन्ही टोकांना न फाडता कशी सोडवायची ते बघतोय. स्विफ्टमध्ये कोणी केलं असेल तर सांगा, विशेषतः छताच्या बाजूचं टोक आतून दाबून सुटतं की बाहेरून.