गल्लीबोळांची वही: परगणे मोडले, आता मांडणी अर्थावरून

इंग्रजीतल्या अरुंद वाटांच्या शब्दांची माझी वही आतापर्यंत परगण्यांप्रमाणे चालली होती. ससेक्सचं पान वेगळं, यॉर्कशायरचं वेगळं. त्याने शब्द सापडायचे पटकन, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. म्हणून या खेपेला सगळं मोडलं आणि शब्दाच्या मुळाशी कोणती क्रिया आहे, त्यावरून नव्याने लावलं. चालणे, वळणे आणि मिटणे, अशी तीन मोठी पानं झाली.

'चालणे'मध्ये गर्दी कमी आहे. 'अ‍ॅली' हा जुन्या फ्रेंचमधल्या 'जाणे' या क्रियापदावरून आलेला, इंग्रजीत 14 व्या शतकापासून. 'लेन' त्याहून जुना, थेट जुन्या इंग्रजीतला. डच भाषेतला 'लान' त्याचा भाऊबंद.

'वळणे' हे पान फार सुरेख जमलं. स्कॉटलंडचा 'वाइंड' वळणावरून आला, आणि न्यूकॅसलच्या नदीकाठचा 'चेअर' हाही बहुधा जुन्या इंग्रजीतल्या 'वळणे' याच अर्थाच्या शब्दावरून. तिथे 'ब्रॉड चेअर' नावाची गल्ली अजून आहे. न्यूकॅसलची एक जुनी गोष्ट सांगतात: साक्षीदार कोर्टात म्हणाला, 'चेअरच्या पायथ्यातून तीन माणसं बाहेर येताना पाहिली.' बाहेरगावच्या न्यायाधीशाला वाटलं, याचं डोकं फिरलंय, खुर्चीच्या पायातून माणसं कशी निघतील? मग स्थानिकांनी समजावलं की हा बोळाच्या तोंडाबद्दल बोलतोय. शब्द किती पक्का स्थानिक होता, हे या गोष्टीइतकं मला कुठल्याच कोशात दिसलेलं नाही. नॉटिंगहॅमकडचा 'ट्विचेल' याच पानावर ठेवलाय, कारण त्याचं मूळ वाट फुटते त्या जागेच्या जुन्या नावाशी जोडतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'मिटणे'वर. एडिनबर्गच्या जुन्या शहरातला मुख्य रस्ता, रॉयल माइल, त्याला दोन्ही बाजूंनी बोळ फुटतात, त्यांना 'क्लोस' म्हणतात. उच्चार 'स'चाच, 'ज'चा नाही. क्लोस ही मुळात खाजगी जागा, रात्री फाटक लावून बंद होणारी. वाइंड मात्र सार्वजनिक वाट. म्हणजे दोन्ही बोळ डोळ्यांना सारखेच दिसले तरी हक्क निराळा, आणि तो हक्क नावातच नोंदलेला. जुन्या शहराच्या वेशीलगतच्या शेवटच्या बोळाचं नाव 'वर्ल्ड्स एंड क्लोस', कारण त्यापलीकडे शहर संपत होतं. ग्लासगोला गेलं की हाच शब्द चाळीसारख्या इमारतीच्या सामायिक जिन्याला आणि प्रवेशमार्गाला लागतो. रस्त्यावरचा शब्द घराच्या आत शिरल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या वहीत नाही.

एका बाजूने बंद असलेल्या वाटेला 'ब्लाइंड अ‍ॅली' म्हणणं 16 व्या शतकापासून आहे. 'कल-द-साक' मात्र रस्त्यावर उशिरा आला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ पोत्याचं बूड. इंग्रजीत तो 18 व्या शतकात आला तेव्हा शरीरशास्त्रातला शब्द होता, एका टोकाला बंद असलेल्या पोकळीसाठी. गल्ल्यांना तो नंतर लागला. फ्रेंच लेखक व्होल्तेअरला हा शब्द असभ्य वाटे, त्याने 'अँपास' म्हणजे 'पार न जाणारी वाट' या शब्दाचा आग्रह धरला. आज पॅरिसच्या पाट्यांवर 'अँपास' दिसतो आणि इंग्रजांच्या उपनगरात 'कल-द-साक'. इंग्रजीने 'अँपास'ही घेतला, पण वाटाघाटी अडल्यावर वापरायला. 'डेड एंड' 19 व्या शतकातला. आधी सांडपाण्याच्या नळांच्या बंद टोकांसाठी, मग रस्त्यांसाठी.

बंद रस्त्यांचा इतिहास कायद्याशीही बांधलेला आहे. 19 व्या शतकातले स्थानिक नियम रुंद, सरळ, आरपार रस्त्यांचे. समाजसुधारक हेन्रिएटा बार्नेट यांच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब या लंडनच्या वसाहतीसाठी 1906 मध्ये खास कायदा झाला, तेव्हा त्या नियमांतून सूट मिळून छोटे, एका टोकाला बंद रस्ते आखता आले. त्याच वसाहतीतल्या पायवाटांना 'ट्विटन' म्हणतात. शब्द मुळात ससेक्सचा, लुइसच्या उतारावरच्या बोळांचा, आणि तो लंडनच्या नव्या वसाहतीत येऊन राहिला.

कुठल्याच पानात न बसणाऱ्यांचा एक गठ्ठा उरलाय. 'व्हेनेल' हे फ्रेंचमधल्या 'शीर' (रक्तवाहिनी) या अर्थाच्या शब्दाचं लघुरूप. हल शहरातला 'टेनफूट' दहा फूट रुंदीवरून. श्रूजबरीचा 'शट' ऐकायला बंद वाटतो, पण ते दोन रस्त्यांमधले आरपार बोळ, त्यामुळे 'मिटणे'मध्ये घातलेला नाही. 'स्निकलवे' हा यॉर्कचा शब्द मध्ययुगीन वाटतो, तरी तो मार्क जोन्स यांनी 1983 मध्ये 'स्निकेट', 'गिनल' आणि 'अ‍ॅलीवे' हे बोळाचेच तीन शब्द जोडून घडवला. ग्रेट यारमथमध्ये तर बोळांना 1804 मध्ये क्रमांकच दिले गेले, 1 पासून 145 पर्यंत. क्रमांक असूनही त्यातल्या एकाचं 'किटीविचेस रो' हे नाव टिकलं, याचा मला फार आनंद आहे.

आता जोसेफ राइट यांच्या बोलीकोशाचे खंड घेऊन बसणार आहे. 1898 ते 1905 या काळात निघालेले सहा खंड, आणि संपादक असा की लहानपणी गिरणीत काम करत वयाच्या पंधराव्या वर्षी वाचायला शिकलेला. त्यांच्या नोंदींशी लीड्स विद्यापीठाचं 1950 ते 1961 मधलं बोली सर्वेक्षण ताडून पाहायचं आहे.

लीड्स, शेफील्ड, लेस्टर इकडे राहणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुमची मुलं शाळेत जाताना ज्या बोळातून जातात त्याला काय म्हणतात, ते कळवा: गिनल, जेनल की जिटी? 'ग' की 'ज', एवढा फरकही मला हवा आहे.