अकरा मिनिटं

चार दिवसांत चार मॅरेथॉन, त्यातली आज तिसरी झाली. जिना पाठमोरी उतरतेय, कठडा धरून. खालच्या आजींनी काल विचारलं होतं, "काय गं, वर काही विसरलीस का?" आज त्यांचं दार बंद होतं, सुटले.

पायांचं रडगाणं नाही लिहायचं. त्या 11 मिनिटांचं लिहायचंय.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पुढून वळून परत येत होते. महिरावणीच्या आसपास 33 वा किलोमीटर. मांड्या म्हणजे भिजवलेल्या गोधड्या. मोरीचा कठडा दिसला आणि बसले, 11 मिनिटं. बसले त्याचं काही नाही. पण बूड टेकायच्या आधी अंगठ्यानं घड्याळ थांबवायचं बटण दाबलं होतं. मी काही ठरवलं नव्हतं, डोकं तर कधीच बंद पडलेलं. अंगठा तेवढा जागा.

एक मोटरसायकलवाला थांबला. "काकू, सोडू का सातपूरपर्यंत?"

"नको, पळतेय मी," म्हणाले. बसल्या बसल्या. तो एकदा माझ्याकडे, एकदा कठड्याकडे बघून गेला. (काकू!)

घड्याळ म्हणतं 5 तास 52 मिनिटं. चारही दिवस सहाच्या आत, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कोणी विचारलं नव्हतं. ग्रुपवर आता अंगठ्यांचा पाऊस पडलाय. त्यातला एकही माझ्या अंगठ्याला ओळखत नाही.

ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला साखरेचा साठा, तीस किलोमीटरच्या पुढे संपत येतो आणि एका रात्रीच्या खिचडीनं पुरता भरत नाही. शिवाय स्नायूंचं दुखणं 24 ते 72 तासांत खरं वर येतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी पहिल्याचं मुद्दल आणि दुसऱ्याचं व्याज एकदमच. हे सगळं मला पाठ आहे. बसण्याचं कारण त्यात सापडतं. बटणाचं नाही सापडत. खोटेपणाला कुठलं ग्लायकोजेन लागतं?

घरी आले तर ह्यांनी मिठाचं कोमट पाणी बादलीत तयार ठेवलं होतं. बोलले काहीच नाहीत. ते एक राहू दे.

बादलीत पाय सोडून आईला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जायचीस, तेव्हा मध्ये बसायचीस का गं?

"म्हणजे? बसल्याशिवाय चहा कुठे प्यायचा?"

"आणि मग फेरी किती वेळात झाली सांगायचीस?"

"कोण विचारतंय? रात्री निघायचो, उजाडल्यावर घरी. तू जेवलीस का?"

जेवले. दोनदा. दुसऱ्यांदा नुसता दहीभात, ताटातच पेंग येत होती.

आता हसू येतंय खरं. त्रेचाळीस वर्षांची बाई, परीक्षेत कॉपी करावी तसं त्र्यंबक रस्त्यावर मोरीवर बसून घड्याळ झाकतेय, आणि सुपरवायझर कोण, तर समोर गवत खाणारी एक म्हैस. तिनं पाहिलं. मान वर करून नीट पाहिलं.

उद्या चौथी. गजर साडेतीनचा. मोजे अजून ओलेच आहेत, पंख्याखाली टाकलेत. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली काळं झालंय. हा पायाचा, हाताचा गुन्हेगार ठणठणीत आहे.

वहीत लिहिते: 5.52 अधिक 11, म्हणजे 6 तास 3 मिनिटं.

ग्रुपवर 5.52 च राहू दे.