गाडीत प्रिंटर बसवला, पण दुसऱ्यांदा

साइटवर काम संपलं की कस्टमरच्या हातात लगेच रिपोर्ट आणि बिल द्यायचं म्हणून मी छोटा थर्मल प्रिंटर घेतला, आणि सुरुवातीचे काही महिने तो बाजूच्या सीटवर नुसता पडलेला असायचा. एवढुसा तर आहे, त्याला काय बसवायचं? मग एक दिवस पुढच्याने कचकन ब्रेक मारला, मीही मारला, आणि प्रिंटर सीटवरून सुटून खाली आपटला तो व्हॅनच्या सपाट फ्लोरवरून घसरत थेट माझ्या पायाशी. ब्रेक पेडलखाली अडकला असता तर? हे रात्री झोपताना सुचलं आणि झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी डबल टेप आणि वेल्क्रो लावून डॅशबोर्डवर चिकटवला. तेही चूकच. बाजूच्या सीटसमोर त्याच जागेतून एअरबॅग बाहेर येते, पापणी लवायच्या आत, आणि वर जे काही असेल ते तोंडावर फेकते. शिवाय बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड भाजण्याइतका तापतो, टेपचा गोंद वितळतो, प्रिंटरची लिथियम बॅटरी त्या गरमीत लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. आणि थर्मल पेपर तर गरम झाला की काळा पडणारच, छपाई त्याच तत्त्वावर चालते ना.

शेवटी दोन सीटच्या मधे, खाली सावलीत, लोखंडी ब्रॅकेट नटबोल्टने बसवून घेतलं. ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली वाकून बघा बरं का, फ्लोरच्या त्या बाजूला ब्रेकची किंवा डिझेलची पाइप जात असते कधीकधी. गिअर आणि हँडब्रेक पूर्ण फिरवून बघायचे, रोल बदलायला झाकण उघडतंय का तेही बघायचं (मी नाही बघितलं, ब्रॅकेट परत काढावं लागलं).

आता वायरिंग, कारण खरी भानगड तिथेच आहे. मी आधी लायटर सॉकेटला अडॅप्टर लावून मोकळा झालो होतो, पण माझ्या गाडीत तो सॉकेट चावी काढली तरी चालूच राहतो, सुट्टीवरून आलो तर बॅटरी डाऊन. म्हणून आता इग्निशनवरून लाइन घेतलीय, चावी बंद की प्रिंटरचं चार्जिंगही बंद. त्या लाइनला तेवढा लोड झेपेल का याचा आधी हिशोब मात्र करा, ६० वॅटचा अडॅप्टर १२ व्होल्टवर ५ अँपिअर खेचतो. बॅटरीवरून वेगळी वायर आणणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच हवा, कारण फ्यूज प्रिंटर वाचवायला नसतो, मधे कुठे वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर ती पेटू नये म्हणून असतो, त्यामुळे तो वायरच्या जाडीप्रमाणे निवडायचा आणि उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायची रिंग. सीटच्या रेलजवळून वायर नेऊच नका, सीट मागेपुढे झाली की सोललीच म्हणून समजा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथे अडॅप्टर तेवढं घेतो का हे त्याच्यावर वाचून मगच लावा.

हे जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, मीही फ्यूजचं काम त्याच्याकडूनच करून घेतलं.

प्रिंट मात्र गाडी बाजूला लावूनच, हँडब्रेक ओढून. एकदा चालता चालता कागद अडकला आणि हात आपोआप तिकडे गेला, तेव्हापासून चालत्या गाडीत मोबाइलचं ब्लूटूथच बंद ठेवतो, म्हणजे प्रिंट द्यायचा मोहच नको.

बाकी बिलांचं म्हणाल तर माझ्या कॉप्या मी प्लास्टिकच्या फोल्डरमधे घालून ठेवायचो, काही महिन्यांनी बघतो तर अर्ध्या कोऱ्या. मऊ प्लास्टिकमधलं केमिकल थर्मल छपाई खाऊन टाकतं म्हणे. आता आधी फोटो काढतो, मग कागदी पाकिटात.