तुम्ही विचारलंत म्हणून: तेल संपणार तरी कधी?

पर्यावरणावर बोलायला कुठेही गेले, की शेवटी हा प्रश्न येतोच: "तेल नेमकं संपणार कधी?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी काळजी असते, कधी चक्क आशा. एकदाचं संपलं की धूरही गेला आणि वादही मिटला, अशी. मला या आशेचीच जास्त धास्ती वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

असा हिशोब पूर्वीही मांडून झालाय. एम. किंग हबर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९५६ साली सांगितलं होतं, की अमेरिकेतलं तेल उत्पादन १९७०च्या आसपास शिखर गाठेल आणि मग उतरणीला लागेल. झालंही तसंच. पण पुढे शेल नावाच्या थराथरांच्या खडकाला पाण्याच्या दाबाने तडे पाडून तेल काढायचं तंत्र रुळलं आणि २०१८ साली तो जुना उच्चांक मोडला गेला. भाव चढले की काल न परवडणारं तेल आज परवडू लागतं, मग ते खोल समुद्राखालचं असो नाहीतर वाळूत मुरलेलं. विहिरी आटायची वाट बघत बसलो, तर त्याच्या कितीतरी आधी हवेची वाट लागलेली असेल.

एक लिटर पेट्रोलचंच बघा. वजन साधारण पाऊण किलो. ते जळलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो सुमारे २.३ किलो. पाऊण किलोतून इतकं निघतं कसं, असं मुलं हमखास विचारतात. पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू स्वतःला जोडून घेतो. वाढलेलं वजन त्यांचं. म्हणजे टाकी रिकामी होते, तेव्हा तिच्यातल्या पेट्रोलच्या तिप्पट वजनाचा वायू आपण मागे सोडून आलेलो असतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याची टोचणीही लागत नाही. जग रोज सुमारे दहा कोटी पिंपं तेल वापरतं आणि एक पिंप १५९ लिटरचं. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, आता ४२०च्या वर गेलेत. यात कोळसा आहे, नैसर्गिक वायू आहे, जंगलतोडही आहे. पण जीवाश्म इंधनांमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या तेलाचा.

मग विजेच्या गाड्या? हव्यातच, आणि लवकर हव्यात. पण पिंपातून डिझेल, विमानाचं इंधन, डांबर आणि नॅफ्थाही निघतो. नॅफ्थापासून प्लास्टिक आणि पॉलिएस्टर. यातल्या प्रत्येकाला वेगळा पर्याय शोधावा लागणार आहे.

आणि उपसा थांबला म्हणजे सगळं थांबतं, असंही नाही. नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये तेल काढणं १९९३ सालीच बंद पडलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा तिथला अहवाल आला २०११ साली. तेल वाहून नेणारी नळवाहिनी जवळून गेलेल्या एका वस्तीत लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते, त्यात बेन्झीन सापडलं. बेन्झीनने कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा ते ९०० पटींहून जास्त होतं. तिथली जमीन आणि खाड्या पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. हे मी जिथे बोलते तिथे आवर्जून सांगते, कारण तेलाची ही किंमत पंपावरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, जमिनीखाली किती तेल राहू द्यायचं हे विचारायला हवं. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २०१५ साली आलेल्या एका अभ्यासाने त्याचा हिशोब मांडला होता: तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायची, तर २०५०पर्यंत ज्ञात तेलसाठ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश साठ्यांना हात लावता येणार नाही. पण हेच साठे कंपन्यांच्या ताळेबंदात संपत्ती म्हणून धरलेले असतात, कित्येक सरकारांचा खर्च त्यांच्यावर चालतो. २०२३ साली दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं असं सगळ्या देशांनी पहिल्यांदा लिहून दिलं. कुणी आपलं किती तेल जमिनीतच ठेवायचं आणि त्या बदल्यात त्याला काय मिळणार, हे मात्र त्या मसुद्यात नाही.